चीक

गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू आवळता आवळता माझ्या लक्षात आलं की आपण कुठेतरी भिजलोय. काचा पुसायच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली कायम टेबलावर असते, तीच कलंडली असणार असं वाटून मी आधी टेबल पाहिलं, मग बाटली पाहिली. बाटली ठणठणीत उभी होती. पांढऱ्या कोटाच्या आत, डाव्या बाजूला, काहीतरी ओलं आणि कोमट हळूहळू पसरत होतं. समोरचे म्हातारे गृहस्थ अगदी माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचा चष्मा माझ्या हातात, तेव्हा त्यांना माझ्या जागी एक पांढुरका धूर दिसत असणार. "घट्ट झाला का?" असं त्यांनी विचारलं, तर मी "झाला" म्हणाले आणि चष्मा त्यांच्या नाकावर न चढवता तशीच मागच्या खोलीत निघून गेले. तिथे काच घासायचं यंत्र घरघरत होतं आणि कारागीर पाठमोरा होता. मी पडदा ओढला, कोटाची बटणं सोडली. एक थेंब. पातळ, निळसर, बोटावर घेतला तर ओघळूनही जाईना. मी तो चाखला. गोड होता. चाळिशीला टेकलेली मी, गर्भाची पिशवी कधीच काढून टाकलेली, आणि माझ्या अंगाला दूध. मला आधी हसू आलं, मग ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते समजलं नाही. बाहेर ते गृहस्थ टेबलावर चाचपडत चष्मा शोधत होते. चष्मा माझ्या कोटाच्या खिशात होता.

हे दूध मी मागवून घेतलं होतं. कितीतरी आठवडे ह्याच पडद्याआड, घासायच्या यंत्राच्या आवाजात माझ्या दूध ओढायच्या पंपाचा आवाज लपवून, मी कोरड्या छातीला ते यंत्र लावून बसत होते. आधी डॉक्टरांच्या गोळ्या, मग गोळ्या बंद, मग पंप; दिवसातून इतक्या वेळा की कारागिराला वाटायला लागलं होतं मला पोटाचा काहीतरी आजार आहे. घरी नवरा पंपाचे भाग उकळून फडक्यावर ओळीने मांडून ठेवायचा. बाटल्यांत काही नसायचंच, तरी उकळायचा. मी एकदा चिडून म्हटलं की रिकामी भांडी कशाला घासतोस, तर म्हणाला, पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडतोच ना आपण. त्याला असं काहीबाही बोलायची सवय आहे आणि मला त्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटतो, हेही इथे सांगून टाकते. त्या दिवशी मी त्याला दुकानातून फोन केला.  तो म्हणाला, "किती?" मी म्हटलं, एक थेंब. तर म्हणाला, मग आज बाटली उकळल्याचं सार्थक झालं.

पाहुणा धाकटीच्या पोटात होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. आमच्या घरात वस्तू नेहमी वरून खाली जायच्या. माझा शाळेचा गणवेश, माझी पुस्तकं, माझी सायकल, माझा पावसाळी कोट, सगळं माझ्या अंगावरून उतरलं की तिच्याकडे. तिने कधी कुरकुर केली नाही, फक्त एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, ताईचं लग्न झालं की जुना नवरा मला मिळणार का. मग तिचं लग्न झालं, तिला दोन मुली झाल्या, आणि माझ्याकडे वरून खाली द्यायला काही उरलं नाही. माझी मुलं राहायचीच नाहीत. पहिल्या वेळी सगळे रडले, दुसऱ्या वेळी सगळे गप्प बसले, त्यानंतरच्या वेळी मी कुणाला सांगितलंच नाही. शेवटी पिशवीच काढावी लागली. मुलाबाळांच्या गप्पा निघाल्या आणि मी काही बोलायला गेले की कुणीतरी अगदी मायेने म्हणायचं, तुला नाही कळायचं ते.  मी उठून चहा टाकायची.

धाकटीला तिसऱ्यांदा दिवस गेले ते तिच्या मनात नसताना. मी तिच्याकडे गेले होते, ती भांडी घासत होती आणि मी विसळत होते. ती म्हणाली, काय करावं सुचत नाही, दोघींतच नाकी नऊ आलेत. मी ताट विसळत होते, ते विसळतच राहिले. "मला दे," असं मी म्हटलं. इतक्या हळू की तिला ऐकू आलं नसेल असं समजून मी निघून जायची तयारीही मनात केली होती. तिने नळ बंद केला. ओल्या हातांनी केस मागे सारले. "घे," म्हणाली. बस्, एवढंच. मग तिच्या नवऱ्याशी बोलणं झालं, वकिलाकडे जाणं झालं, पण खरं ठरलं ते त्या मोरीपाशी. आयुष्यात पहिल्यांदाच एक वस्तू खालून वर येत होती.

सल्लागार बाईंचं नाव मला दवाखान्यातल्या नर्सने सुचवलं. बाळ होण्याआधी आयांना पाजायचं शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय. नवरा त्यांना लगेच दूधवाल्या बाई म्हणायला लागला. एका मोठ्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकीच्या मांडीवर कापडी बाहुली, शेजारी अवघडून बसलेले नवरे. सगळ्यांची पोटं गच्च भरलेली, आणि मधेच मी सपाट. शेजारणीने कितवा महिना विचारला तर मी म्हटलं, बहिणीला सातवा लागलाय. ती जरा सरकून बसली. बाई मात्र अंगाने आडव्या, बोलायला सरळ. नळ दुरुस्त करणारा माणूस नळाबद्दल जितक्या सहज बोलतो तितक्या सहज छातीबद्दल बोलत. मला म्हणाल्या, दूध यायला पोटात मूल असावं लागत नाही, मागणारं असावं लागतं. तोवर यंत्राने मागा, रोज मागा, लाजू नका. मी त्यांच्या वर्गातली पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी झाले. मूल छातीशी आणायचं, छाती मुलाकडे न्यायची नाही. नाक बोंडासमोर, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची. हात मानेखाली, डोक्यावर नाही. बाहुलीला मी इतकं अचूक लावायची की बाई इतर बायकांना माझ्याकडे बघा म्हणायच्या. पोटुशा बायका वळून माझ्याकडे बघायच्या आणि मला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. शाळेत कधी झालं नव्हतं असं.

एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या दुधात चीक नसेल. चीक म्हणजे बाळंतिणीचं पहिलं पिवळसर, दाट दूध, थोडंसंच येतं, पण बाळाला जगाशी लढायचं बळ त्यातून मिळतं. ते जिने बाळंतपण सोसलं तिचंच. बहिणीला हाताने पिळून वाटीत काढायला सांगा, म्हणाल्या, चमच्याने भरवा, आणि मग तुमचं सुरू करा. मी ते मंत्रासारखं पाठ केलं. आधी चीक, मग मी. धाकटीला सांगायला गेले तेव्हा ती मुलींच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, वाटीत देईन, हवं तेवढं देईन, पण अंगावर घेणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. मी का म्हणून विचारलं. खरंच विचारलं. तिने घडी मोडली, पुन्हा घातली. "तुला नाही कळायचं, ताई," असं ती म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिच्या डोळ्यांत दिसलं की हे वाक्य निदान तिने तरी म्हणायला नको होतं. मी हसून चहा टाकायला उठले. चहा उतू गेला.

मुलगा झाला. मी त्याला धाकटीच्या आधी पाहिलं. नर्सने कापडात गुंडाळून आधी माझ्याच हातात दिला, तसं ठरलंच होतं. लाल, सुजलेला, कपाळाला आठ्या, एखाद्या गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर लागल्यावर ते जसं वैतागून बघतं तसा बघत होता. मी त्याला काय म्हणाले ते आठवत नाही. काहीतरी म्हणाले आणि त्याची आठी उतरली. त्या वेळी मला माझ्या दोन्ही बाजूंनी दूध उतरल्याचं कळलं, मुंग्या आल्यासारखं, आणि मनात आलं, झालं, आता ह्यापुढे आपल्याला कुणी काही म्हणायचं नाही.

मग वाटी आली. धाकटी टाके घातलेली, घामाघूम, उशीला टेकून स्वतःला पिळत होती आणि वाटीत काही पडत नव्हतं. मी दाखवलं, बोटं कुठे ठेवायची, कशी मागे दाबून पुढे आणायची. एक पिवळा ठिपका आला आणि वाटीला चिकटून राहिला. पोरगा सुस्त पडायला लागला. हात थरथरत होते त्याचे. नर्सने टाचेला सुई टोचून रक्त पाहिलं आणि तिचा सूर बदलला. साखर उतरलीय, म्हणाली, आता वाट बघत बसायचं नाही. डब्याचं द्या, तुम्ही बर्फात घालून आणलंय ते द्या, नाहीतर आईला अंगावर लावू द्या, काहीही करा पण लगेच करा. तिने ते तिन्ही एकाच दमात सांगितलं. माझी बाटली तिथेच पिशवीत होती, तळाला चांगलं बोटभर दूध. माझी छाती तिथेच होती, भिजलेली. धाकटी म्हणाली, "ताई, तुझं दे ना. तू आणलंयस ना." आणि मी, पहिल्या बाकावरची, म्हटलं, आधी चीक. ती नको म्हणाली. मी म्हटलं एकदाच, त्याच्या भल्यासाठी, एकदा घेतल्याने काही होत नाही, मी आहे ना. माझा आवाज अगदी सल्लागार बाईंसारखा निघाला होता. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लावायला मला वेळ नव्हता, पोराचे ओठ निळसर दिसत होते की मला तसं वाटत होतं कुणास ठाऊक. तिने गाऊन सोडला.

दोन्ही मुलींच्या वेळी धाकटीला पाजायला जमलं नव्हतं. चिरा पडायच्या, रक्त यायचं, दात आवळून ती पाजायची आणि शेवटी हार खाऊन बाटलीवर आणायची. पाजणं म्हणजे दुखणं एवढंच तिला माहीत. आता मी तिचा खांदा खाली आणला, पाठीमागे उशी दिली, पोराला तिच्या पोटाशी आडवा वळवला, मानेखाली माझाच हात घातला. नाक बोंडासमोर. थांबले. त्याने जांभई द्यावी तसं तोंड उघडलं आणि मी हनुवटी आधी टेकवून त्याला तिच्या अंगाशी आणला. इतकं नेमकं बाहुलीलाही कधी जमलं नव्हतं. धाकटीने सवयीने डोळे गच्च मिटून घेतले होते. मग एकेक करून उघडले. "ताई," ती म्हणाली, "दुखत नाहीये." तिच्या आवाजात असं काही आश्चर्य होतं की नर्सही थांबून हसली. "असं असतं होय हे?" मी म्हटलं, हो, असंच असायला पाहिजे. मला तिचा केवढा अभिमान वाटत होता, आणि स्वतःचाही. पोरगा ओढत होता, धाकटीचे पाय पांघरुणाखाली सैल पडले होते, आणि माझा हात अजून त्या दोघांच्या मधे होता. मग तो काढून घ्यावा लागला, कारण त्याची गरज उरली नव्हती.

एकदाचं दोनदा झालं. साखर पुन्हा पाहायची होती, मग कावीळ पाहायची होती, दर वेळी काहीतरी कारण होतं आणि दर वेळी मीच म्हणत होते, लाव, अजून चीकच आहे. मी मधल्या वेळात त्याला माझ्या अंगाशी धरायची, पण तो पोट भरून झोपलेला असायचा. तोंड उघडायचा नाही. मी त्याला उठवलं नाही. घरी गेल्यावर आपलंच आहे सगळं, असं मी मनाशी म्हणायची आणि बाथरूममध्ये जाऊन पंप लावायची. परत आले की धाकटी त्याच्या कानाची पाळी न्याहाळत असायची आणि मला पाहून पटकन दुसरीकडे बघायची. मी आंधळी नव्हते. चष्म्याच्या दुकानात बसून एवढं तरी येतं. पण काही गोष्टी बघायच्या नाहीत असं ठरवलं की नंबर कितीही बरोबर असला तरी दिसत नाहीत.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी सकाळी तिने त्याला मी आणलेले कपडे घातले. पाजून घातले. तिचा नवरा गाडीची किल्ली हातात फिरवत भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडे एकटक बघत होता, माझा नवरा बाळाला न्यायच्या पाळण्याची मूठ धरून दारात उभा. तिने पोराला दोन्ही हातांनी माझ्याकडे केलं.  मी घेतलं. तो किती जड आणि किती उबदार होता हे सांगण्यात काय अर्थ आहे. आम्ही जिना उतरलो, अंगणात आलो, धाकटी कठड्याला धरून मागून येत होती, तिला यायची काही गरज नव्हती. दोन्ही गाड्या समोरासमोर लावलेल्या. माझ्या नवऱ्याने दार उघडलं त्या आवाजाने पोरगा दचकला आणि रडला. मी वळून पाहिलं, म्हणजे पाहायला नको होतं. धाकटी थांबली होती. तिच्या अंगावरच्या निळ्या कपड्यावर दोन्ही बाजूंना ओले डाग उमटत चालले होते, माझ्या डोळ्यांदेखत मोठे होत होते, आणि ती दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ते झाकायचा प्रयत्न करत होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलं नसलेल्या बाईला ते नुसते डाग दिसले असते. मला ते आतून माहीत होते. माझेही उमटत होते.

ती काही मागत नव्हती. मागितलं असतं तर मी भांडले असते, वकिलाचा कागद काढला असता, तुझ्या जिभेला हाड नाही म्हणाले असते. मला तिचा इतका राग आला होता की तिने तिथेच कोसळावं असं वाटत होतं. ती जवळ आली. "मी शब्द दिलाय, ताई," म्हणाली. "तू जा. लवकर जा." मी म्हटलं, "माहितीये." आणि पोराला तिच्या हातात दिलं. थोर वगैरे काही नाही त्यात. तो रडत होता आणि त्याला कुणाकडे जायचंय ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, वाचता येत होतं ते मला. माझा नवरा पाळण्याची मूठ धरून तसाच उभा राहिला.  घरी आल्या आल्या त्याने सवयीने पाणी उकळायला ठेवलं, मग गॅस बंद केला आणि ओट्याला धरून, माझ्याकडे पाठ करून, तो रडला.

दुधाला मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. ते वेळेवर यायचं. छाती दगड झाली, ताप आला, तेव्हा मी सल्लागार बाईंना फोन केला. त्यांनी आवाज ओळखला, आनंदाने विचारलं, बाळ कसं पितंय? मी म्हटलं, छान पितंय. मग विचारलं की दूध बंद कसं करतात.  त्यांनी का म्हणून विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. म्हणाल्या, एकदम तोडायचं नाही, आजारी पडाल. रोज काढायचं, पण कालच्यापेक्षा थोडं कमी, हळूहळू अंगाला कळतं. मी तसं करायला लागले. पुन्हा दुकानात बसायला लागले, पुन्हा त्याच पडद्याआड, घासायच्या यंत्राच्या आवाजात. काढलेलं दूध मी बेसिनमध्ये ओतायची आणि नळ सोडायची. धाकटीचा फोन येत नव्हता, मीही करत नव्हते. आईकडून कळायचं की सगळं ठीक आहे, आणि आईही लगेच विषय बदलायची.

मग एका दुपारी, मी एका शाळकरी मुलीच्या कानामागे दांडी बसते का ते बघत असताना, तिचा फोन आला. मी मुलीच्या आईला बसायला सांगून मागे गेले. यंत्र बंद होतं, कारागीर जेवायला गेला होता.  पलीकडे पोरगा रडत होता, बेंबीच्या देठापासून, आणि त्या आवाजासरशी, इतक्या दिवसांच्या हळूहळूवर पाणी फिरवत, माझं दूध उतरलं. "ताई," धाकटी म्हणाली, "मला तुला फोन करायचा अधिकार नाही. पण एका बाजूला गाठ झालीय, हात लाववत नाहीये. तो घेतच नाही त्या बाजूला. मी कुणाला विचारू?" मला वाटलं, फोन ठेवावा. मला वाटलं, म्हणावं, तुझ्या दोन मुली वाढवल्यास तू, तुला नाही कळत? तो रडतच होता. मी विचारलं, गाठ कुठल्या अंगाला आहे. काखेकडे, म्हणाली. मी म्हटलं, गरम पाण्यात फडकं पिळून ठेव आधी. ठेवलंय, म्हणाली. मग त्याला काखेखालून घे, पाय मागच्या बाजूला, हनुवटी गाठीकडे येऊ दे. तिने फोन कुठेतरी ठेवला, कपडे सरकल्याचा आवाज आला, तिचं विव्हळणं आलं. मी म्हटलं, खांदा सैल सोड. मी म्हटलं, थांब, त्याला उघडू दे तोंड, घाई करू नको. मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते आणि माझा मोकळा हात हवेत, मानेएवढ्या उंचीवर, कशाखाली तरी धरलेला होता. रडणं तुटलं. पुन्हा सुरू झालं. मग थांबलं.

बाहेर मुलीची आई तिला नवीन चष्म्यातून काय काय दिसतंय ते विचारत होती. माझा कोट पोटापर्यंत भिजला होता. "गिळतोय का?" मी विचारलं. धाकटी म्हणाली, हो. मी म्हटलं, नीट ऐक, नुसतं चोखत असेल तर उपयोग नाही, गिळल्याचा बारीक आवाज यायला हवा. ती ऐकत होती. मी फोन कानाशी आणखी दाबला.

"येतोय," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "तुला येतोय, ताई?"

फोनमध्ये नुसती खरखर होती. मी म्हटलं, "येतोय."